ओलं फडकं आणि स्कॅनर

दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो, हे थर्मोच्या पेपरात आपण सगळ्यांनीच लिहिलंय. मला ते कळलं मात्र मे महिन्यात, देवगाव फाट्यावर, मामांच्या गॅरेजात.

मंठ्याहून जिंतूरकडे जाताना सेलूला वळायचा हा फाटा. मामांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आसपास. मुंबईतली तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण मामांची गाडी अजून सेलूच्या बाजाराला जाते.

उन्हात ती हमखास बंद पडते. मामा बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकतात. एक चहा होईपर्यंत गाडी चालू! कारण सोपं आहे. हा पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी, त्यात इंजिनची धग. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ चघळत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

त्या दुपारी एक आलिशान सेडान दारात येऊन बंद पडली. २०० अश्वशक्ती, पावणेदोन टन वजन. मामांचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

"मामा, हिला फडकं चालणार नाही. हिचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो ओढत नाही, ढकलतो. नळीत वातावरणाच्या चार-पाच पट दाब असतो, मग पेट्रोल उकळंल कसं?"

"मग बंद कशानं पडली, सांग की."

इथे माझी बोलती बंद! प्रोजेक्टसाठी घेतलेला छोटा स्कॅनर बॅगेत होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, तर मोबाईलवर कोड आला पी-०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. क्रँक कुठल्या कोनात आहे हेच कळलं नाही, तर ठिणगी कधी द्यायची नि पेट्रोल कधी सोडायचं, हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही. मी लगेच जाहीर केलं, "सेन्सर गेला." (आपली घाई!)

मामांनी गाडी ढकलून खड्ड्यावर घ्यायला लावली, बॅटरी घेऊन खाली उतरले. सेन्सर शाबूत होता. त्याच्या वायरचं इन्सुलेशन मात्र धगीने कडक होऊन तडकलेलं. कोडमध्ये सर्किट म्हटलं होतं, सेन्सर मीच वाचला होता. मामांनी वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली, धगीपासून लांब बांधली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

सुरक्षेच्या बाबतीत मी सेडानच्याच बाजूने आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचं तर नावच नको. पण तिचं दुखणं डोळ्यांना दिसतं. सेडान आपलं दुखणं स्वतः सांगते, फक्त ऐकायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्यालाच. म्हणून अशा गाड्या मामांना हात न लावता टोचन करून पुढे पाठवाव्या लागायच्या, आणि कमाईही त्यांच्याबरोबर जायची.

संध्याकाळी फडकं वाळत घालता घालता त्यांनी विचारलं, "केवढ्याला आणलास रं तो डबा?"