सही करायच्या आधी

नवरा गेला की बाईच्या अंगावरचं काय काय उतरवायचं, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. त्याच दिवसांत तिच्या हातून आणखी काय काढून घेतलं जातं, तिकडे फारसं कुणी बघत नाही. आमच्याकडे तेराव्याचं जेवण उरकलं, भावकी ओट्यावर बसली आणि थोरल्या भाऊजींनी स्टॅम्पपेपर पुढे केला. "सही करा, तुम्हाला तलाठ्याकडं हेलपाटे नकोत." ते हक्कसोडपत्र होतं.

भाऊजी वाईट माणूस नव्हते. ह्यांच्या आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र तेच बसले होते, पोरांची फीही त्यांनीच भरली होती. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? घुसमट होते ती इथंच. मी एवढंच म्हणाले, "पोरांचे मामा आल्यावर बघू," आणि आत गेले. तुमच्यावर अशी वेळ आली तर भांडू नका, नुसता वेळ मागून घ्या. सुतकात घाई नेहमी दुसऱ्यांनाच असते.

त्या रात्री मनाशी हिशेब केला. आधार कार्ड भाऊजींच्या कपाटात. ऊस बिलाचं पासबुक त्यांच्याकडे. पहाटे उठून म्हशींची धार मी काढायची आणि दहा दिवसांनी येणारं डेअरीचं बिल त्यांच्या खात्यावर. बँकेत दिलेला मोबाइल नंबरसुद्धा त्यांचाच. मी या घराला बांधलेली होते ती मायेनं आणि कर्तव्यानं, असं मला वाटत होतं. खरं तर माझा सगळा कारभार एका कपाटात कुलूपबंद होता.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं ते प्रत्येकीला ठाऊक हवं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या वाट्याला विधवा, मुलगे, मुली आणि सासू सारख्याच वारस. पुढं दुसरं लग्न केलं तरी एकदा मिळालेला हिस्सा जात नाही. अज्ञान मुलांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावं लागतं, म्हणून घरी सही झाली असेल तरी हातपाय गाळू नका, आधी वकिलाला गाठा. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यामुळे राहत्या घरातून तुम्हाला असंच उठवून बाहेर काढता येत नाही.

मृत्यूचा दाखला जोडून मी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. पोचेशिवाय कुठलाच अर्ज देऊ नका. भाऊजी बरेच दिवस बोलले नाहीत. जाऊबाईंनी चूल वेगळी केली. ते सगळं सोसलं. डेअरीत माझ्या नावावर खातं उघडलं, आणि पहिलं बिल हातात आलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला फार बरं वाटलं. असे ठराव गावोगाव व्हावेत. तरी माझं मत आहे की आधी सातबारा, मग कुंकू. हळदीकुंकवाला बोलावलं नाही तर जीव तुटतो, पण उताऱ्यावर नाव नसलं तर पोरांची शाळा तुटते. सासूबाईंचं मी आजही सगळं करते. त्यांच्या गोळ्या माझ्या दुधाच्या पैशातून येतात, आणि भावकीसमोर त्याच माझी बाजू घेतात.

माहेरच्या माणसांना एक विनंती आहे. लेकीला दुखवट्याची साडी नेसवायला जाल, तेव्हा तिचं आधार कार्ड आणि पासबुक कुठं आहे ते विचारा. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून तिच्या हातात द्या. तलाठ्याकडे जायच्या दिवशी भावानं बरोबर जावं. "तुझं तू बघ" म्हणून त्या दिवशी परत फिरू नका.