पेस्त शहराचा महापूर : इ. स. १८३८

नदीस पूर येतो तो पावसानें, हें आपल्या खेड्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ज्या देशांत हिवाळ्यांत नद्या गोठतात, तेथें पावसाची सर आल्यावांचूनही गांवें बुडूं शकतात. हें कसें घडतें तें हंगेरी देशांतील एका पुरावरून पाहूं.

डॅन्यूब ही यूरोपांतील मोठी नदी होय. तिच्या एका तीरावर बुदा व दुसऱ्या तीरावर पेस्त अशीं शहरें होतीं, पुढें इ. स. १८७३ मध्यें तीं ओबुदा शहरासह एक होऊन बुदापेस्त झालें. बुदा टेंकड्यांच्या आश्रयानें, तर पेस्त सखल मैदानावर वसलेलें होतें. इ. स. १८३७-३८ च्या हिवाळ्यांत हिम फार पडलें, व नदीवर बर्फाचा जाड थर बसला. मार्चमध्यें थंडी ओसरतांच वरच्या प्रदेशांतील हिम वितळून पाणी वाढलें. त्यानें तो थर फोडला, व बर्फाचे प्रचंड तुकडे वाहूं लागले. शहराच्या खालच्या अंगास चेपेल बेटापाशीं नदीचे दोन फांटे होतात, व तेथें पात्र उथळ होतें. त्या ठिकाणीं तुकडे एकमेकांवर चढून अडकले. मोरींत पालापाचोळा अडकला म्हणजे ओढ्याचें पाणी रस्त्यावर चढतें, तशीच गत येथें झाली.

ता. १३ मार्च रोजीं रात्रीं बांध फुटून पाणी पेस्तमध्यें शिरलें, व ता. १५ पर्यंत चढतच गेलें. दीडशेंच्या सुमारास माणसें मेलीं. पेस्तमधील सुमारें ४,२०० घरांपैकीं २,२०० हून अधिक घरें कोसळलीं. इतकीं घरें कां पडलीं? पुष्कळ घरें उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांचीं होतीं. अशी वीट कोरडी असतां भार सोसते. भिजली म्हणजे पुन्हां चिखल होते. बाहेरून गिलावा केलेल्या दोन भिंती सारख्याच दिसतात. आंत काय आहे तें पाणी पायाशीं आल्यावर कळतें. ह्या पुरानंतर शहरांतील घरबांधणीचे नियम कडक करण्यांत आले.

त्या दिवसांत मिक्लोश वेश्शेलेनी नांवाचा एक सरदार होडींत बसून गल्लोगल्लीं फिरला, व छपरांवर अडकलेल्या लोकांस त्यानें वांचविलें. त्याच्यावर त्या वेळीं राजद्रोहाचा खटला चालूं होता. आपलाच जीव संकटांत असतां दुसऱ्याची कशाला पर्वा करावी, असें तो म्हणाला नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यास तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. परंतु लोकांच्या स्मरणांत तो ‘पुराचा नावाडी’ म्हणूनच राहिला. बुदापेस्तांतील एका देवळाच्या भिंतीवर त्याच्या होडीचें कोरीव चित्र इ. स. १९०५ पासून आहे. हंगेरींत जन्मलेला प्रसिद्ध वादक फ्रान्झ लिस्ट परदेशीं होता. पुराची वार्ता कळतांच त्यानें व्हिएन्ना येथें वादनाचे कार्यक्रम करून पूरग्रस्तांकरितां पैसा जमविला. ज्याच्यापाशीं होडी होती त्यानें होडी दिली, ज्याच्यापाशीं कला होती त्यानें कला दिली.

पाणी कोठवर चढलें होतें तें दाखविणाऱ्या दगडी पाट्या त्या शहराच्या भिंतींवर अद्यापि आहेत. मनुष्य पूर लवकर विसरतो, दगड विसरत नाहीं. आपल्या गांवींही वृद्धांस विचारून थोर पुराची रेघ कोठें होती तें समजून घ्यावें, तेथें खूण करावी, व नवें घर त्या खुणेच्या वर, दगडी जोत्यावर बांधावें.

शिक्षकांनीं विचारावयाचे प्रश्न :

१. पाऊस नसतां नदीस पूर कसा येतो?

२. कच्ची वीट केव्हां भार सोसते, व केव्हां सोसत नाहीं?

३. आपल्या गांवीं पूर आला, तर प्रथम कोणाच्या दारीं जावें लागेल, व कोण जाईल?