घमेल्यातला डोंगर आणि भिंतीवरचा नकाशा



मागच्या महिन्यात एका गावात पाणलोटाच्या आराखड्यासाठी ग्रामसभा होती. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. साहेबांनी काठीने दाखवलं, "इथे चर, इथे बांध." पुढच्या मंडळींनी माना हलवल्या. आपल्या गटाच्या बायका मागे बसल्या होत्या. सभा संपल्यावर एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, बांध दाखवला तिथे ओघळच नाही. ओघळ पलीकडच्या अंगाला आहे." मी विचारलं, मग आत का नाही बोललात? तर म्हणाल्या, "नकाशातलं मला काय कळतंय?"

काकू त्या माळावर ३० वर्षं शेळ्या चारतात. शिवार त्यांना तोंडपाठ आहे, ते कागदावर ओळखता येत नव्हतं एवढंच. म्हणून या अंकात नकाशाचा पाठ घेऊ या.

आधी नकाशा सरळ धरा. त्यावर उत्तर दिशेचा बाण असतो. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा, तुमचा डावा हात उत्तरेला. बाण तिकडे वळवला की शाळा, देऊळ, ओढा आपापल्या जागी दिसायला लागतात. मग प्रमाण बघा. १:१०००० लिहिलं असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर.

तलाठ्याकडच्या गाव नकाशात गट नंबर, हद्दी आणि रस्ते असतात. चढ-उतार त्यात नसतो. चर कुठे खणायचा ते त्यावरून कळणार नाही. त्यासाठी समोच्च रेषांचा नकाशा लागतो.

या रेषा म्हणजे काय, ते घमेल्यात बघा. चूल लिंपायला घेतो तशी घट्ट माती मळून घमेल्यात एक डोंगर करा. एक बाजू उभी ठेवा, दुसरी लांब उतरती. उतरत्या बाजूला अंगठ्याने वरून खाली एक ओघळ काढा. आता कडेने हळूच बोटभर पाणी ओता. पाणी जिथे टेकलंय तिथे काडीने डोंगराभोवती रेघ मारा. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. असं तीन-चार वेळा करा, पाणी काढून टाका आणि वरून बघा.

उभ्या बाजूला रेघा दाटीवाटीने येतात, उतरत्या बाजूला लांब लांब. आणि ओघळीपाशी? तिथे रेघ डोंगराच्या माथ्याकडे टोक करून आत वळते. कागदावरही अगदी तसंच असतं. टोक चढाकडे असेल तर ओघळ किंवा नाला, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. चढ कुठला ते रेषेवरच्या आकड्यांवरून कळतं. बांध घालायचा तो ओघळीत, सोंडेवर घालून काय अडणार!

एकाच रेघेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीची असतात. चर त्या रेघेवरून खणला तर पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. उताराच्या दिशेने खणला तर तोच चर पाट होतो आणि खालच्या शेतातली माती घेऊन जातो. खणणारे हात बहुतेक वेळा आपलेच असतात, म्हणून हे नीट बघायचं.

आता काकूंच्या ओघळीचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०००० च्या नकाशात या रेषा तपकिरी असतात आणि दोन रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. म्हणजे सहा-सात मजली इमारत! पुरुषभर खोल ओघळ दोन रेषांच्या मधेच हरवून जाते. नकाशा खोटा नसतो, पण त्याला बारीक दिसत नाही. ते शेळ्यांमागे फिरणारीला दिसतं. म्हणूनच आराखड्याआधी शिवारफेरी करायची असते आणि त्यात आपण असायलाच हवं.

आराखड्यात पावसाचा आलेखही असतो. खाली महिने, बाजूला मिलिमीटर. २५ मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला तर सुमारे १ लाख लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर. पण जुलैचा खांब उंच दिसला म्हणून खूश होऊ नका. तो पाऊस महिनाभर पडला की दोन दिवसांत कोसळला, हे त्या खांबातून कळत नाही. रोजची नोंद मागा.

त्या गावाचा आराखडा अजून कायम झालेला नाही. शिवारफेरी करा, असं ग्रामसंघाने लेखी दिलंय. काकूंनी नकाशाच्या झेरॉक्सवर निळ्या पेनाने ओघळ काढून दिली. मी सांगितलं की त्या नकाशात पाण्याचा प्रवाह निळा असतो आणि कोरडा पडणारा काळा. तर लगेच म्हणाल्या, "मग काळा पेन आण. दिवाळीनंतर तिथे थेंब नसतो."