हिशेबातील पाऊण डॉलर

कोकिळा स्वतः घरटे बांधीत नाही. ती आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात गुपचूप ठेवते आणि बिचारा कावळा ते आपलेच समजून उबवितो. संगणकाच्या जगातही एकदा असे परके अंडे सापडले. ते कसे सापडले, त्याची ही हकिगत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कले येथे लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा ही मोठी संशोधनसंस्था आहे. १९८६ साली क्लिफर्ड स्टोल नावाचे गृहस्थ तिच्या संगणक विभागात रुजू झाले. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. परंतु त्यांच्या संशोधनासाठी मिळणारा पैसा संपल्यामुळे त्यांना इकडे यावे लागले होते. त्या काळी तेथील संगणक जो जितका वेळ वापरी, त्यास तितके पैसे भरावे लागत. ऑगस्ट महिन्यात या हिशेबात पाऊण डॉलरची तूट दिसली. ‘एवढ्याशा रकमेचे काय मोठे!’ असे म्हणून कोणीही ती सोडून दिली असती. पण ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यास तिळभर फरकाचेही मोल ठाऊक असते. स्टोल यांनी शोध घेतला, तेव्हा असे आढळले, की कोणी परका मनुष्य काही सेकंद संगणक वापरून पैसे न भरताच निघून गेला होता.

हा चोर आत कसा शिरला? संगणकात टपाल इकडून तिकडे हलविणारी एक आज्ञावली होती. तिच्यातील दोषाचा फायदा घेऊन चोराने राखीव जागेत स्वतःची बनावट आज्ञावली नेऊन ठेवली. संगणकाने ती आपलीच समजून चालविली. हेच ते कोकिळेचे अंडे! ते उबताच चोर साऱ्या संगणकाचा धनी झाला.

आता दार लावून घ्यावे, की पाळत ठेवावी? दार लावले, तर चोर दुसऱ्याच्या घरात शिरणार. उघडे ठेवले, तर आपल्याच घरास धोका. स्टोल व त्यांचे सहकारी यांनी पाळत ठेवण्याचे ठरविले. बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडण्यात आली. चोराने दाबलेले अक्षर न् अक्षर कागदावर उमटू लागले. एकदा तर त्याने वैद्यकीय प्रयोगाच्या संगणकात ढवळाढवळ केली. ती वेळीच लक्षात आली नसती, तर रुग्णास गंभीर इजा होण्याची भीती होती. अशा नाजूक प्रसंगी स्टोल तारेच्या जोडावर किल्ल्यांचा जुडगा फिरवीत. त्यामुळे संदेशात बिघाड होई आणि तारच नादुरुस्त आहे असे चोरास वाटे.

परवलीचे शब्द ओळखण्याची चोराची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. संगणक हे शब्द जसेच्या तसे ठेवीत नाही. ते जणू दळून ठेवतो. पिठापासून पुन्हा दाणा करता येत नाही, हे खरे. परंतु ज्वारी, बाजरी, नाचणी असा एकेक दाणा दळून पाहिला, तर समोरचे पीठ कशाचे, हे कळू शकते. चोराने शब्दकोशातील शब्द असेच एकामागून एक ‘दळून’ पाहिले. ज्यांचा परवलीचा शब्द शब्दकोशात होता, ते फसले.

चोराचा माग काढण्यासाठी त्याचा टेलिफोन बराच वेळ चालू राहणे आवश्यक होते. तो तर लगेच निघून जाई. म्हणून १९८७ च्या आरंभी स्टोल यांनी लष्करी संशोधनाची खोटी कागदपत्रे रचून संगणकात ठेवली. चोर त्या आमिषास भुलला आणि वाचीत बसला. तेवढ्या वेळात त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतील टेलिफोन खात्याने त्याचा माग हॅनोव्हर शहरापर्यंत काढला. हा चोर म्हणजे तेथील एक तरुण होता. त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली होती व तीसहून अधिक उघडली होती. चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकली जात होती. १९९० साली न्यायालयाने त्यास व त्याच्या साथीदारांस दोषी ठरविले.

स्टोल यांनी ही सारी पद्धत १९८८ साली एका संशोधनलेखात प्रसिद्ध केली. असे लिहिल्याने चोरच शहाणे होतील, अशी शंका कोणास येईल. पण कुलुपाचा दोष लपविल्याने कुलूप मजबूत होत नाही. तो दहा जणांस कळला, तरच त्यावर उपाय निघतो. आज जगभरचे संशोधक चोरांच्या रीती जाणण्यासाठी मुद्दाम आमिषाचे संगणक मांडतात आणि विद्यापीठांतून ही विद्या विद्यार्थ्यांस शिकविली जाते.

मुलांनो, या शोधाचा आरंभ कोणत्याही मोठ्या यंत्राने झाला नाही. हिशेब जुळत नाही, हे पाहून एक मनुष्य थांबला आणि ‘असे का?’ असे त्याने विचारले. पाऊण डॉलर क्षुल्लक होता. तो प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हता.

स्वाध्याय
१. पाठात ‘कोकिळेचे अंडे’ असे कशास म्हटले आहे?
२. चोर सापडताच दार लावून घेतले असते, तर काय झाले असते?
३. परवलीचा शब्द शब्दकोशातील का नसावा? पिठाच्या उदाहरणाने सांगा.
४. चोरास फसविण्यासाठी खोटी कागदपत्रे ठेवणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.