फॉरमॅट मारण्याआधी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या फोनला घरचं वाय-फाय लागेनासं झालं. नावावर बोट ठेवलं की 'कनेक्ट होत आहे' असं यायचं, दोन-चार सेकंद गोल फिरायचं आणि पुन्हा 'सेव्ह केलेले' एवढंच दिसायचं. यजमानांच्या फोनला लागत होतं, मुलीच्या लॅपटॉपला लागत होतं, फक्त माझ्या फोनला नाही. आमचं घर रत्नागिरीपासून थोडं आत, जांभ्याचं, हातभर जाड भिंतींचं. माजघरात मोबाइलची रेंज शून्य, पण पडवीत खुर्ची टाकून बसलं की दोन काड्या येतात. आंब्याची गडबड होती, डेटावर काम भागत होतं. पाहू सवडीने, असं म्हणत मी अडीच महिने काढले.

त्या अडीच महिन्यांत माझे वडील गेले.

अप्पांना टाइप करणं जमत नसे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर त्यांनी तो नादच सोडला. रोज दिवेलागणीला ते व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज धाडायचे. त्यात खास काही नसायचं. कुठल्या कलमाची फांदी मोडली, गाय व्यायली, शेजारच्या वाडीत कोण आजारी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातला एक मेसेज मला तोंडपाठ आहे. "अगो, मृगाने तोंड दाखवलं बघ," एवढंच ते बोलले आणि मग फोन तसाच पुढे धरून ठेवला. पुढचा सगळा वेळ नुसता पत्र्यावर पडणारा पाऊस. मी पडवीत बसून ते मेसेज ऐकायचे, कारण डेटा तिथेच चालायचा. आषाढात ते गेले तेव्हा असे पन्नासेक मेसेज माझ्या फोनमध्ये होते.

ऑगस्टमध्ये, दिवसकार्य आटोपून घरी परतल्यावर, मी फोन घेऊन शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने सेटिंग उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "सॉफ्टवेअर उडालंय मॅडम. फॉरमॅट मारायला लागेल." मी विचारलं, आतलं काही जाणार नाही ना? "बॅकअप असतोच ना गुगलवर, सगळं परत येतं." मी हो म्हटलं. त्याने माझ्यासमोर फॅक्टरी रीसेट केलं, फोन पुन्हा सुरू झाल्यावर दुकानाच्या वाय-फायला जोडला आणि मला दाखवलं. खरंच लागलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसून व्हॉट्सॲप परत टाकलं. नंबर घातला, ओटीपी आला, आणि पडद्यावर एक ओळ आली. शेवटचा बॅकअप, १८ मे.

मला त्या ओळीचा अर्थ लगेच कळला नाही. जुने निरोप उतरून झाले, अप्पांचं नाव उघडलं, तेव्हा कळला. त्यांचा शेवटचा मेसेज आंब्याच्या पेट्यांबद्दलचा होता. जून नव्हता, आषाढ नव्हता.

झालं होतं ते असं. व्हॉट्सॲपची गुगल ड्राइव्हवर जाणारी प्रत आणि गुगल फोटोजमध्ये जाणारे फोटो, दोन्ही साधारणपणे वाय-फाय असेल तेव्हाच जातात. मोबाइल डेटा संपू नये म्हणून सुरुवातीपासूनच ते सेटिंग तसं असतं आणि आपण बदलत नाही. म्हणजे ज्या दिवशी फोनचं वाय-फाय बंद पडतं, त्या दिवसापासून त्याची प्रतही बंद पडते. फोन ओरडून सांगत नाही. मेसेज येत असतात, फोटो निघत असतात, सगळं सुरळीत आहे असंच वाटतं. बॅकअप असतो हे त्या मुलाने सांगितलेलं खोटं नव्हतं. फक्त तो कोणत्या तारखेचा, हे त्यानेही पाहिलं नाही आणि मीही नाही.

म्हणून वाय-फाय न लागणारा फोन हातात आला की दुरुस्तीला हात घालण्याआधी त्यातलं जे हवं ते बाहेर काढा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट, त्यात चॅट बॅकअप, तिथे शेवटची तारीख लिहिलेली असते. ती जुनी असेल तर त्याच पानावर मोबाइल डेटाने बॅकअप घेण्याची मुभा चालू करता येते. फोटोंचंही तसंच. डेटा पुरत नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. आमच्यासारखी रेंजची रड असेल तर सरळ केबल घ्या. अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला लावला की आधी नुसता चार्ज होतो. वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या सूचनेवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. मग 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर. व्हॉइस मेसेज त्यातल्या 'व्हॉइस नोट्स'मध्ये असतात. व्हॉट्सॲप रोज पहाटे २ वाजता निरोपांची एक प्रत फोनच्या पोटातही करून ठेवतं, तीही याच फोल्डरमध्ये. हे अख्खं फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर ठेवलं की काम झालं. फॅक्टरी रीसेट केल्यावर ही आतली प्रतसुद्धा पुसली जाते. मला हे ऑगस्टमध्ये माहीत असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आणि फोन घरी आणला तेव्हा काय झालं? वाय-फाय लागलं नाही. तेच गोल फिरणं, तेच 'सेव्ह केलेले'.

दुकानात लागतं आणि घरी लागत नाही, यातच खरं तर उत्तर होतं. तो फोन रीसेटच्या आधीही दुकानाच्या वाय-फायला लागला असता. कोणी लावून पाहिला नाही. दोन परीक्षा अशा आहेत की त्यांना पाच मिनिटं लागतात आणि काहीही पुसावं लागत नाही. हा फोन दुसऱ्या वाय-फायला लावून बघायचा; शेजारी नसतील तर घरातल्याच दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालतो. आणि दुसरा फोन या वाय-फायला लावून बघायचा. हा फोन सगळीकडे अडत असेल तर दोष फोनमध्ये. सगळे फोन इथेच अडत असतील तर दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये. आणि एकच फोन एकाच ठिकाणी अडत असेल, तर त्या दोघांचं आपसात काही बिनसलेलं असतं. तिथे फोन पुसून काहीही साधत नाही. दुरुस्तीवाल्याने या परीक्षा केल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढलं तर फोन परत मागून घ्या. यात भीड धरू नका.

माझ्या बाबतीत बिनसलं होतं ते पुण्याच्या भाच्यामुळे, तेही त्याने चांगल्या हेतूने केलेल्या कामामुळे. मे महिन्यात तो आला होता. आमचा पासवर्ड वाडीभर झाला होता आणि नेट रेंगाळत होतं, म्हणून त्याने राउटरमध्ये एक यादी केली. घरातली पाच उपकरणं त्या यादीत, बाकी कोणालाही प्रवेश नाही. राउटर उपकरण ओळखतो ते मॅक ॲड्रेसवरून. प्रत्येक फोनच्या वाय-फाय चिपला कारखान्यातच हा बारा अक्षरी क्रमांक मिळालेला असतो. पण २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मधल्या आयओएस १४ पासून फोन हा खरा क्रमांक दाखवत नाहीत. मॉलमध्ये, स्टेशनवर कोणी आपला माग काढू नये म्हणून ते प्रत्येक नेटवर्कला एक वेगळा, बनवलेला क्रमांक देतात. चांगली सोय आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. माझा फोन जुना, घरचं वाय-फाय त्यात अँड्रॉइड ९ असल्यापासून जोडलेलं, त्यामुळे घरी तो खराच क्रमांक दाखवत होता आणि भाच्याने तोच लिहून घेतला. चार दिवसांनी नेट मंद वाटलं म्हणून मी 'नेटवर्क विसरा' दाबून पुन्हा जोडायला गेले. आता नव्याने जोडताना फोनने बनवलेला क्रमांक पुढे केला. यादीत तो नव्हता, राउटरने दार उघडलं नाही. फॅक्टरी रीसेटनंतर तर फोन आणखी वेगळा क्रमांक बनवतो, म्हणजे त्या उपायाने हे कधीच सुटणार नव्हतं.

हे शोधलं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो फायबरच्या लाइनवर काम करतो. पडवीत उभ्या उभ्या त्याने माझ्या फोनवरचा क्रमांक पाहिला आणि दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. "बाई, इथे २, ६, ए किंवा ई असलं ना, की तो क्रमांक बनवलेला समजायचा." मग त्या नेटवर्कच्या नावाशेजारच्या चाकावर दाबून, 'प्रायव्हसी'मध्ये जाऊन त्याने 'फोनचा मॅक वापरा' निवडलं. तीन सेकंदांत लागलं. मी तेव्हा त्याला चहासुद्धा विचारला नाही, आत निघून गेले. त्याने मनावर घेतलं नाही.

तेव्हापासून नातेवाइकांचे, शाळेतल्या सहकाऱ्यांचे फोन मी पाहत आले आहे, आणि बहुतेक वेळा कारण याहूनही साधं निघतं. पासवर्ड टाकताना लहान-मोठ्या अक्षरांची चूक होते. शून्य आणि ओ यांत गफलत होते. डोळ्याच्या खुणेवर दाबून पासवर्ड उघडा करून बघितलं की निम्म्या तक्रारी मिटतात. 'नेटवर्क विसरा' हा उपाय चांगलाच आहे, पण पासवर्ड हाताशी असल्याशिवाय तो करू नये. राउटर तीस सेकंद प्लगमधून काढून परत लावणं हेही खरं औषध आहे, विशेषतः फोन 'आयपी ॲड्रेस घेत आहे' यावर अडकत असेल तर.

नवा राउटर आल्यावर जुना फोन अडला तर दोन शक्यता. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षेवर ठेवलेला असेल तर जुन्या फोनला ती भाषा येत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र ठेवावं. किंवा नाव दिसतच नसेल, तर ते ५ गिगाहर्ट्झचं असेल आणि फोन २.४ वालाच असेल. ५ वेगवान खरं, पण ते भिंती ओलांडताना थकतं. आमच्या जांभ्याच्या घरात ते ओटीवरून माजघरात पोचत नाही, २.४ पोचतं.

वाय-फाय लागलंय पण काही उघडत नाही, ही तक्रार वेगळी. आधी राउटरशेजारच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय का पाहा. 'लॉस' नावाचा तो दिवा लाल झाला म्हणजे तार तुटली किंवा निघाली. फोनला हात लावू नका, लाइनवाल्याला कळवा. दिवे ठीक असतील तर फोनची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस पडून राहिला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं फोनला अवैध वाटतात. कधी कोणी व्हीपीएन टाकून ठेवलेलं असतं, कधी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये भलतंच काही लिहिलेलं असतं. ते 'ऑटोमॅटिक'वर आणावं. रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर तर ओटीपीचं पान भरल्याशिवाय काहीच उघडत नाही.

फोनच सगळीकडे अडत असेल तर एअरप्लेन मोड चालू-बंद, मग रीस्टार्ट, मग सेफ मोड. त्यानेही नाही जमलं तर 'नेटवर्क सेटिंग रीसेट'. याने सगळे जपलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो आणि निरोप जात नाहीत. हे आणि फॅक्टरी रीसेट, दोन्ही एकाच पानावर एकाखाली एक असतात. नाव दोनदा वाचल्याशिवाय बोट टेकवू नका.

वाय-फायचं बटण चालूच होत नसेल, करडं पडलं असेल, किंवा राउटरला फोन टेकवल्यावरच लागत असेल, तर आतल्या चिपचा किंवा अँटेनाचा प्रश्न आहे. अलीकडे डिस्प्ले किंवा बॅटरी बदलली होती का, ते आठवा. फोन उघडताना अँटेनाची बारीक वायर निघते आणि परत बसवायची राहते. त्याच दुकानात जाऊन ती बसवून मागा. पावसात भिजला असेल तर बंद करून पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका. दाण्यांचा भुसा आत जाऊन नुकसान होतं, ॲपलनेही २०२४ मध्ये तसं करू नका म्हणून सांगितलं आहे. हेअर ड्रायरने तापवण्याचा उपायही अनेक जण सुचवतात. त्याने चिपचा दोष बरा होत नाही, बॅटरीला मात्र धोका होतो.

अप्पांच्या फोनमध्ये त्यांच्याकडची प्रत मिळेल, ही आशा मला होती. भावाने तो बाराव्यानंतर पुसून गड्याच्या मुलाला शिकायला दिला होता. त्यात त्याची चूक नाही. मात्र जून महिन्यातले तीन मेसेज मी त्याच वेळी बहिणीला पुढे धाडले होते. त्यातला एक मृगाचा आहे. बहिणीने तो मला परत पाठवला, आणि आता तो लॅपटॉपवर आहे, पेनड्राइव्हवर आहे, भावाच्या फोनमध्ये आहे. एकतीस सेकंदांचा. शेवटी पावसाच्या आवाजातून गाईच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजते. पडवीत ऐकताना ती मला कधी ऐकू आली नव्हती.