घरातले दफ्तर

'दफ्तर' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत मुलांच्या पुस्तकांच्या पिशवीला दफ्तर म्हणतात आणि जपून ठेवलेल्या कागदपत्रांनाही दफ्तर म्हणतात. असे एक दफ्तर प्रत्येक घरात असते. जन्माचा दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, अम्मी-अब्बांचा निकाहनामा, शेत असेल तर सात-बाराचा उतारा, हे सारे त्यात येते. प्रश्न एवढाच, की ते ठेवायचे कुठे?

कोपरगावातील जुन्या घरांत जाड भिंती दिसतात. त्या भिंतींत कोनाडे आणि फडताळे असतात. फडताळ म्हणजे भिंतीत बसवलेले कपाट. ते खोल असते, पण त्याचे तोंड लहान असते. नव्या घरांत दारावर माळा असतो आणि जिन्याखाली तिरकी जागा असते. या जागांत सामान पुष्कळ मावते, पण हात पोहोचत नाही. म्हणून आपण वस्तू आत ढकलतो आणि विसरून जातो.

एरवी यात काही बिघडत नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आला आणि दाखला माळ्यावरच्या कुठल्या पेटीत आहे हे कुणालाच आठवेना, तर? कागद घरात असूनही तो नसल्यासारखाच होतो.

कोपरगाव गोदावरीच्या काठी आहे. नाशिक जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला, की गंगापूर आणि दारणा या धरणांतून सोडलेले पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून खाली कोपरगावकडे येते. आपल्या गावात ऊन पडलेले असले, तरी नदी चढू शकते. अशा वेळी जमिनीलगत ठेवलेले कागद भिजतात. माळ्यावर ठेवलेले वाचतात, पण घाईत हाताशी येत नाहीत. मग करावे काय?

याचे उत्तर आपल्या इतिहासातही सापडते. राघोबादादा पेशवे यांचे १७८३ साली कोपरगाव येथेच निधन झाले. त्या काळातील पेशव्यांच्या कारभाराचे कागद आज पुण्यात पेशवे दफ्तरात आहेत. त्यांतील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. ते कापडात बांधून ठेवत. अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. असे हजारो रुमाल तेथे आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. कागद नुसते साठवून भागत नाही. ते बांधून आणि वेगळे करून ठेवले, तरच पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतात.

आता आपल्या घराकडे वळू. एखाद्या सुटीच्या दिवशी फडताळ पूर्ण रिकामे करा. कागदांचे तीन ढीग करा. नेहमी लागणारे, वर्षातून एकदोनदा लागणारे आणि केवळ जपून ठेवायचे. रद्दी वेगळी काढा, पण मोठ्यांना विचारल्याशिवाय एकही कागद फाडू नका.

एक सोपा नियम ध्यानात ठेवा. कोपरापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर हात सहज पोहोचतो. आपल्या गावाच्या नावातच 'कोपर' आहे, तेव्हा हा नियम तुम्ही विसरणार नाही! नेहमी लागणारे कागद याच उंचीवर ठेवा. सर्वांत महत्त्वाचे मूळ कागद प्लॅस्टिकच्या एकाच जाड पिशवीत घाला. पाणी वाढू लागले, तर ती एका हाताने उचलून निघता आले पाहिजे.

खोल फडताळात वस्तू एकामागे एक रचू नका. मागची वस्तू दिसत नाही. त्याऐवजी फडताळाइतकी लांब, उथळ पेटी घ्या आणि तिच्या पुढच्या बाजूला दोरी बांधा. दोरी ओढली, की मागचा कागदही पुढे येतो. जिन्याखाली कागद ठेवू नका. तेथे बादली, झाडू अशा वस्तू ठेवा.

माळ्यावर फक्त क्वचित लागणारे कागद ठेवा. पेटी भिंतीला चिकटवू नका, कारण ओल आणि वाळवी भिंतीतून येते. माळ्यावर चढताना डगमगते स्टूल घेऊ नका आणि एकट्याने चढू नका.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. कोणत्या पेटीत काय आहे, याची यादी करा. 'यादी' या शब्दात 'याद' आहे. यादी आपल्या वतीने आठवण ठेवते. ती फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत लिहा. म्हणजे दादीलाही वाचता येईल आणि शेजारच्या काकूंनाही. कागद बाहेर काढला, की यादीपुढे खूण करा. परत ठेवला, की खूण पुसा.

आता मोबाइलवर कागदांची छायाचित्रे ठेवता येतात. २०१५ पासून सरकारची डिजिलॉकर ही सोयही आहे. तिचा लाभ जरूर घ्या. तरीही मूळ कागद जपावाच लागतो.

घरातील कागदांची माहिती पुष्कळदा एकाच माणसाला असते. तो माणूस गावाला गेला किंवा आजारी पडला, तर सारे घर अडते. म्हणून हे काम तुम्ही शिकून घ्या. तुमच्या बहिणीचा प्रवेश, दादीचे निवृत्तिवेतन, अब्बांचे कर्ज, यांतील कोणतेही काम एका कागदावाचून अडू शकते. तो कागद वेळेवर काढून देणारा हात तुमचा असू द्या.

स्वाध्याय

१. खोल फडताळात वस्तू एकामागे एक का ठेवू नयेत?
२. कोपरगावात पाऊस नसतानाही गोदावरीला पाणी कसे वाढते?
३. दफ्तर, कागद, रुमाल, यादी या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा. कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला आहे?
४. तुमच्या घरातील पाच महत्त्वाच्या कागदांची यादी मराठीत लिहा. प्रत्येक कागद कोठे आहे, तेही लिहा.