शिट्टीपासून स्प्लेंडरपर्यंत

आठवीत मी आरएसपी, म्हणजे रस्ता सुरक्षा दल, घेतलं ते शिट्टी वाजवायला मिळेल म्हणून. त्या शिट्टीनेच मला मोटरसायकलपर्यंत नेलं. आज मी एकोणीस वर्षांची आहे. पप्पांची स्प्लेंडर घेऊन बोईसरहून चिंचणीला एकटी जाते आणि हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने गाणी म्हणते. एवढ्या वर्षांत जे शिकले ते सांगते.

१. रस्ता आधी उभं राहून शिकावा.
शाळा सुटली की आम्ही फाटकासमोर रहदारी सांभाळायचो. समोरून येणाऱ्याला थांबवायची खूण वेगळी, पाठीमागून येणाऱ्यासाठी वेगळी. एका जागी अर्धा तास उभं राहिलं की माणसं कळू लागतात. प्रवासी दिसला की रिक्षा इंडिकेटर न देता डावीकडे वळते. कंपन्यांची शिफ्ट सुटली की सायकली आणि बाइकचा लोंढा एकदम येतो. आईच्या हातातून सुटलेलं मूल इकडेतिकडे न बघता सरळ पळत सुटतं. गाडी हाती आली तेव्हा हे सगळे माझ्या ओळखीचे होते.

२. टँकरच्या मागे थांबण्यात कमीपणा नाही.
तारापूर एमआयडीसीमुळे आमच्याकडे रसायनांचे टँकर दिवसरात्र धावतात. त्यांच्यावरच्या फलकावर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. तो वाचायला आरएसपीच्या सरांनी शिकवलं. पुढचं मी गाडीवर बसून शिकले. टँकरच्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाही. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे टँकर डावीकडे वळत असताना त्याच्या डाव्या बाजूला मोकळी दिसणारी जागा मोकळी नसतेच. तिथे शिरू नका. कितीही उशीर झालेला असू दे.

३. अठरा म्हणजे अठरा.
दहावीनंतर वर्गातली काही मुलं घरच्या गाड्या फिरवू लागली आणि मीही पप्पांच्या मागे लागले. त्यांनी माझीच आरएसपीची वही उघडून समोर ठेवली. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, शिवाय बारा महिने गाडीची नोंदणी रद्द. सोळा वर्षं पूर्ण झाली की लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. स्प्लेंडर ९७ सीसीची. मी दोन दिवस रुसून बसले. मग पप्पा म्हणाले, "चालवायची नाहीस, पण सांभाळ की!" तिथून पुढे मी गाडी धुतली, चेनला तेल दिलं, टायरची हवा बघितली, गाडी मधल्या स्टँडवर चढवायला शिकले. गाडी समजायची ती मला या काळात समजली.

४. क्लच डाव्या हाताला कळतो, कानाला नाही.
अठरा वर्षं पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स आलं आणि रविवारी सकाळी आम्ही रिकाम्या मैदानावर गेलो. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबूनच पडतात, ते पाच मिनिटांत पाठ झाले. क्लचने मात्र तीन रविवार घेतले. सोडला की गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. पप्पा शेजारून चालत होते, एकदाही आवाज चढवला नाही. चौथ्या रविवारी इंजिनची थरथर तळहाताला जाणवली, तिथेच मी बोटं धरून ठेवली आणि गाडी अलगद निघाली. मी एवढ्या जोरात ओरडले की क्रिकेट खेळणारी मुलं थांबून बघायला लागली. परीक्षेतला आठचा आकडा त्यानंतर सोपाच गेला.

५. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही.
चिंचणीला किनाऱ्याजवळच्या वळणावर डांबरावर वाळू आली होती. गाडी कललेली असताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सरकलं. गुडघा सोलला, हेल्मेटवर मोठा ओरखडा उठला. तो ओरखडा डोक्यावर उठला नाही, एवढं मला पुरे आहे. आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. मागे बसणाऱ्यालाही द्या.

६. ओढणी बांधा.
सुटं टोक चाकात जाऊ शकतं. पेहराव आपला असला तरी गाडी अडत नाही. पुण्याच्या रमाबाई लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. काष्टा घट्ट असला की झालं.

आमच्या आरएसपीच्या तुकडीत मुली होत्या तितकेच मुलगेही होते. आज त्यातले बहुतेक मुलगे गिअरची गाडी चालवतात, मुली मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. बोईसरमधल्या सगळ्या पप्पांना माझी विनंती आहे. तुमची मुलगी अठराची झाली असेल, तर तिला लर्निंग लायसन्स काढून द्या. रविवारी सकाळी तुमची गाडी घरीच उभी असते आणि मैदानही रिकामं असतं. तिला घेऊन जा, आणि शेजारून चाला.